एकतीस चर्चची यादी आणि नऊ दिवस

प्रश्न थोडक्यात असा आहे. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात आपण, आपल्या पत्नी आणि अडुसष्ट वर्षांच्या आई असे तिघे इटलीत नऊ दिवस असणार आहात. पादोव्हा, राव्हेन्ना, फ्लॉरेन्स, सिएना आणि असिसी ही गावे ठरली आहेत. मध्ययुगीन चर्च आणि त्यांतली चित्रे पाहायची आहेत, आणि जमवलेल्या यादीत एकतीस नावे झाली आहेत. त्यांतली कोणती गाळावीत, असे आपण विचारले आहे. शेवटी जाता जाता आपण आणखी एक वाक्य लिहिले आहे: मागच्या युरोप सहलीत तिसऱ्या चर्चनंतर सगळी सारखीच दिसू लागली आणि बायबल ठाऊक नसल्याने चित्रांत काय चालले आहे ते कळेना. मला वाटते, खरा प्रश्न या वाक्यात आहे. त्याचे उत्तर मिळाले तर यादी आपोआप लहान होईल, आणि ते न मिळता यादी आठवर आणली तरी चौथ्या चर्चमध्ये पुन्हा तेच होईल.

मी पुण्यात कलेचा इतिहास शिकवत असे आणि गेली सुमारे वीस वर्षे आठ-दहा जणांचे लहान गट घेऊन इटलीत जातो. पहिल्याच वर्षी फ्लॉरेन्समध्ये मी एका दिवसात पाच चर्च ठेवली होती. चौथ्यात शिरलो तेव्हा गटातल्या एक निवृत्त मुख्याध्यापिका बाकावर टेकल्या, बूट काढून पाय चोळू लागल्या आणि म्हणाल्या, "सर, तुम्ही सांगता ते सगळे खरे असेल, पण मला आता भिंतीवर नुसते पिवळे गोल दिसताहेत." पिवळे गोल म्हणजे संतांच्या डोक्यामागच्या प्रभावळी. त्यांचे काही चुकले नव्हते. मी त्यांना तोवर पाहिलेल्या चर्चमधल्या चाळीस चित्रांची नावे, साले आणि चित्रकार सांगितले होते, पण एकाही चित्राचे काम काय होते ते सांगितले नव्हते. त्यानंतर मी नियम केला: दिवसाला दोन चर्च, एक सकाळी आणि एक दुपारनंतर, आणि आत शिरल्यावर पहिली दहा मिनिटे कोणी कोणाला काही सांगायचे नाही.

काम म्हणजे काय, ते आधी स्पष्ट करतो. पंढरपूरला नामदेव पायरीपाशी आपण थबकतो, तिच्यावर पाय पडू देत नाही. ती पायरी कोरीवकामाचा नमुना म्हणून कोणी पाहत नाही, कारण ती तिथे का आहे हे प्रत्येकाला ठाऊक असते. मध्ययुगीन चर्चमधली जवळजवळ प्रत्येक वस्तू अशीच होती. म्हणून चित्रकाराचे नाव विचारण्याआधी मी गटाला तीन गोष्टी शोधायला लावतो: हे चित्र कोणाच्या डोळ्यांसाठी होते, तो माणूस कुठे उभा राहत असे, आणि ते पाहून त्याने काय करावे अशी अपेक्षा होती. ही उत्तरे बायबल पाठ नसतानाही मिळतात, कारण त्यांतली निम्मी भिंतीवरच असतात.

उदाहरणासाठी आपला शेवटचा मुक्काम आधी घेतो. असिसीच्या वरच्या चर्चमध्ये संत फ्रान्सिसच्या चरित्राची अठ्ठावीस चित्रे आहेत. त्यांतले तेरावे ग्रेच्चो गावातल्या नाताळच्या रात्रीचे, म्हणजे १२२३ मधल्या प्रसंगाचे आहे. फ्रान्सिसने तिथे खरी गव्हाण मांडली, अशी कथा आहे. आपण प्रसंग बाजूला ठेवून आधी जागा पाहावी. चित्राच्या वरच्या भागात एक मोठा क्रूस आहे आणि तो आपल्याला मागून दिसतो: मागच्या लाकडी पट्ट्या, आधाराचे दांडे आणि समोरच्या लोकांकडे झुकवून केलेली बांधणी. म्हणजे चित्रकाराने आपल्याला वेदीच्या बाजूला, धर्मगुरूंच्या घोळक्यात उभे केले आहे. समोर एक आडभिंत आहे, तिच्या दारात बायका दाटीने उभ्या आहेत आणि त्यांतली एकही उंबरठा ओलांडून आत आलेली नाही.

अशी आडभिंत तेव्हा मोठ्या चर्चमध्ये सर्रास असे. तिच्या अलीकडे सामान्य माणसे आणि पलीकडे पुरोहितवर्ग, साधारण आपल्याकडे सभामंडप आणि गाभारा असावा तशी ही विभागणी होती. सोळाव्या शतकात या भिंती पाडल्या गेल्या. फ्लॉरेन्सच्या सान्ता क्रोचे आणि सान्ता मारिया नोव्हेल्ला या चर्चमधल्या भिंती १५६० च्या दशकात चित्रकार आणि वास्तुकार वासारीच्या देखरेखीखाली गेल्या. त्यामुळे आज दारातून शिरताच वेदीपर्यंत जे मोकळे, लांबलचक दालन दिसते, ते मध्ययुगीन माणसाने पाहिलेच नव्हते. सगळी चर्च सारखी वाटण्याचे हे एक मोठे कारण आहे. आतले पडदे गेले आणि कोणासाठी काय, हा भेद पुसला गेला. तो मनात पुन्हा उभा करता आला की प्रत्येक चर्च वेगळे दिसू लागते.

आता गावे. राव्हेन्नातली प्रसिद्ध चित्रे पाचव्या-सहाव्या शतकातली, म्हणजे मध्ययुगाच्या उंबरठ्यावरची आहेत. सुरुवात तिथून करणे मला आवडते, कारण तिथे रंगाऐवजी काचेचे बारीक तुकडे आहेत आणि डोळा लगेच जागा होतो. सोन्याचा वर्ख असलेले तुकडे मुद्दाम थोडे तिरके बसवलेले असतात. आपण दोन पावले सरकलो की भिंतीवरचा उजेडही सरकतो, म्हणून मोझेक, म्हणजे अशा तुकड्यांचे चित्र, पाहताना एका जागी उभे राहू नये. सान व्हिताले हे चर्च ५४७ मध्ये अर्पण झाले. त्याच्या वेदीच्या एका बाजूला सम्राट जस्टिनियन आणि दुसऱ्या बाजूला सम्राज्ञी थिओडोरा आहे. त्याच्या हातात भाकरीचे सोन्याचे पात्र आहे, तिच्या हातात द्राक्षरसाचा पेला, आणि दोघे आपापल्या लवाजम्यासह वेदीकडे निघाले आहेत. राजधानी कॉन्स्टँटिनोपलला होती आणि हे दोघे राव्हेन्नाला कधीच आले नाहीत. चित्राचे काम इथे सरळ कळते: रोजच्या मिस्सेत, म्हणजे भाकरी आणि द्राक्षरस अर्पण होणाऱ्या उपासनेत, सम्राटाने स्वतः अर्पण आणल्यासारखे दिसावे. दोघांच्या लवाजम्यात नाव मात्र एकाच माणसाच्या डोक्यावर लिहिले आहे आणि ते बिशप माक्सिमियनचे आहे. दुर्बीण असेल तर थिओडोराच्या झग्याचा काठ पाहावा. भेटी घेऊन निघालेले पूर्वेकडचे तीन ज्ञानी पुरुष तिथे भरतकामासारखे काढलेले आहेत.

त्याच गावातल्या सान्त आपोल्लिनारे नुओव्हो या चर्चमध्ये मी गटाला सगळ्यात जास्त वेळ थांबवतो, आणि तेही एका रिकाम्या जागेसमोर. हे चर्च गॉथ राजा थिओडोरिकने बांधले. तो एरियन पंथाचा, म्हणजे येशू पित्याच्या बरोबरीचा नाही असे मानणाऱ्यांतला होता. उजव्या भिंतीवर दाराजवळ त्याचा राजवाडा आहे, खांब आहेत, कमानी आहेत. राजा ५२६ मध्ये वारला, पुढे शहर जस्टिनियनच्या हाती गेले, आणि नव्या धर्माधिकाऱ्यांनी ५६० च्या सुमारास कमानींखालची माणसे काढून तिथे मोझेकचेच पडदे लावले. काम सफाईने झाले, पण पूर्ण झाले नाही. पांढऱ्या खांबांवर जिथे कोणाचा हात येत होता, तिथला पंजा आणि मनगटाचा तुकडा राहून गेला. मागे माणूस नाही, पुढे हात आहे. एकदा हे हात सापडले की पुढचे दहा दिवस गटातला प्रत्येकजण भिंतीवरचे सांधे आणि ठिगळे शोधत फिरतो, आणि मला वेगळे काही शिकवावे लागत नाही.

गाल्ला प्लाचिदियाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या छोट्या वास्तूत फार थोडा वेळ मिळतो, बहुधा पाच मिनिटे, आणि त्यासाठीही वेळ राखून ठेवावी लागते. खिडक्यांना पातळ कापलेला अलाबास्टर दगड लावलेला असल्याने आत मधासारखा मंद उजेड असतो. बाहेरच्या उन्हातून थेट आत गेल्यास पहिली दोन मिनिटे काहीच दिसत नाही आणि पाचांतली दोन वाया जातात. म्हणून दाराबाहेर सावलीत डोळे मिटून उभे राहावे आणि बोलावणे आले की आत जाऊन सरळ वर पाहावे. निळ्या छतावर सोन्याचे तारे आहेत, पुढचे सांगत नाही.

पादोव्हातले स्क्रोवेन्यी चॅपेल, म्हणजे छोटे प्रार्थनागृह, हा आपल्या सहलीचा कळस आहे आणि व्यवस्थेच्या दृष्टीने सगळ्यात नाजूक जागाही तीच आहे. तिकीट आगाऊ घ्यावेच लागते. पंचवीसपर्यंत माणसांचा गट आधी काचेच्या खोलीत पंधरा मिनिटे बसवतात, म्हणजे अंगावरची धूळ आणि दमटपणा आत जात नाही, आणि मग साधारण पंधरा मिनिटे आत सोडतात. एकदा मी गाडी आणि तिकिटाची वेळ यांत जेमतेम अर्धा तास ठेवला. गाडीला उशीर झाला आणि आठ माणसांची वेळ माझ्यामुळे हुकली. पादोव्हाला आदल्या रात्री मुक्कामी असणे हाच यावर उपाय आहे.

त्या पंधरा मिनिटांची तयारी घरून करावी. एन्रिको स्क्रोवेन्यी हा धनाढ्य सावकाराचा मुलगा होता. त्याचा बाप रेजिनाल्दो व्याजबट्ट्यासाठी इतका बदनाम होता की समकालीन कवी दान्ते याने नरकात बसवलेल्या एका सावकाराच्या गळ्यातल्या थैलीवर स्क्रोवेन्यी घराण्याचे चिन्ह दाखवले आहे. व्याज खाणे हे तेव्हा पाप होते. एन्रिकोने आपल्या वाड्याला लागून हे चॅपेल बांधले, चित्रकार जोत्तोकडून रंगवून घेतले आणि २५ मार्च १३०५ रोजी ते अर्पण केले. ज्ञानेश्वरी पूर्ण होऊन तेव्हा पंधरा वर्षे झाली होती, म्हणजे काळाचा अंदाज येईल. हे बापाच्या पापाचे प्रायश्चित्त होते की घराण्याचा बडेजाव, यावर अभ्यासकांत अजून वाद आहे. शेजारच्या मठातल्या साधूंनी त्याच वर्षी या थाटामाटाविरुद्ध तक्रार केली होती, त्यामुळे दोन्ही खरे असावे असे मला वाटते. पश्चिमेच्या भिंतीवर अंतिम न्यायाचे मोठे चित्र आहे. त्यात खाली एन्रिको गुडघे टेकून चॅपेलची छोटी प्रतिकृती वर देतो आहे, तीही पश्चात्तापाच्या जांभळ्या रंगाचे कपडे घालून, आणि नरकाच्या बाजूला थैल्यांच्या नाड्यांनी सावकार लटकलेले आहेत. चॅपेलमधून बाहेर पडताना एन्रिकोच्या डोळ्यांसमोर रोज हीच भिंत येत असणार.

आत गेल्यावर सगळी चित्रे पाहण्याचा प्रयत्न करू नये. मी तीनच पाहायला सांगतो. वेदीकडे तोंड केल्यास उजव्या भिंतीवर सगळ्यात वरच्या ओळीत, वेदीपासून लांबच्या टोकाला योआकिम आणि अन्ना, म्हणजे मरियेचे वृद्ध आईवडील, शहराच्या वेशीत भेटतात आणि एकमेकांचे चुंबन घेतात. त्याच भिंतीवर सगळ्यात खालच्या ओळीत येशूचा शिष्य यहूदा येशूचे चुंबन घेऊन त्याला पकडून देतो. यहूदाच्या पिवळ्या झग्याने येशूचे सगळे शरीर झाकले आहे, दोघांचे चेहरे एका बाजूने अगदी जवळ आहेत, आणि मागे भाले-मशालींचे रान माजले आहे. एवढ्या गोंधळात फक्त येशूची नजर स्थिर आहे. ही दोन चुंबने एकामागून एक पाहावीत. तिसरे चित्र समोरच्या भिंतीवरचे शोकाचे: खडकाची एक तिरकी धार वरून उतरत बरोबर मरिया आणि मृत येशू यांच्या चेहऱ्यांपाशी येते, आणि पुढे दोन बायका आपल्याकडे पाठ करून बसल्या आहेत. पाठमोरी माणसे काढल्यामुळे आपण त्यांच्या मागे बसलो आहोत असे वाटते, आणि चित्रकाराला तेच हवे होते.

तिथल्या निळ्या रंगाबद्दल थोडे सांगायला हवे. जोत्तोने रंगाचे बहुतेक काम ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर केले. एका दिवसात जेवढे रंगवून होईल तेवढाच तुकडा लिंपायचा, आणि चुना सुकताना रंग स्वतःत धरून ठेवतो. या तुकड्यांचे सांधे बाजूने उजेड आला तर अजून दिसतात. अझुराइट या निळ्या खनिज रंगाचे मात्र चुन्याशी जमत नाही, म्हणून तो सुकल्या भिंतीवर डिंकासारख्या बांधणीने लावावा लागे, आणि असा रंग काळाने पोपडे धरून गळतो. येशूजन्माच्या चित्रात मरियेच्या अंगावरचा निळा झगा बराचसा गळून गेला आहे, तो यामुळे. आपण अजिंठा पाहिला असेल तर फरक लक्षात येईल, कारण तिथे मातीच्या कोरड्या गिलाव्यावर रंगकाम आहे. (अजिंठ्याची चित्रे टिकवण्यासाठी निजाम सरकारने १९२० मध्ये बोलावलेले दोघे तज्ज्ञ, चेक्कोनी आणि ओर्सिनी, इटलीचेच होते. त्यांनी लावलेले लाखेचे रोगण पुढे पिवळे पडून उलट त्रासाचे ठरले.)

सिएनात एक चर्च आणि एक चित्र पुरेसे आहे. चित्रकार दुच्चोने मोठ्या चर्चच्या मुख्य वेदीसाठी केलेले ‘माएस्ता’ हे चित्र ९ जून १३११ रोजी त्याच्या कामाच्या जागेतून वाजतगाजत नेले गेले. दुकाने बंद होती, घंटा वाजत होत्या, पुढे धर्मगुरू आणि मागे बायकामुले चालत होती. पालखी सोहळा पाहिलेल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. हे चित्र दोन्ही बाजूंनी रंगवलेले होते. लोकांकडच्या बाजूला सिंहासनावरची मरिया आणि तिच्याभोवती संतांचा दरबार, एवढी मोठी की लांबूनही दर्शन व्हावे. वेदीमागे बसणाऱ्या धर्मगुरूंच्या बाजूला येशूच्या दुःखभोगाचे लहान लहान प्रसंग, जवळून आणि सावकाश वाचण्यासाठी. एकाच फळीवर दोन प्रकारचे पाहणारे होते. १७७१ मध्ये ही फळी करवतीने मधोमध चिरून पुढची आणि मागची बाजू वेगळी केली गेली, पुढे काही तुकडे विकले गेले आणि आज ते लंडन, वॉशिंग्टन, न्यूयॉर्क येथे आहेत. उरलेले चर्चला लागून असलेल्या संग्रहालयात समोरासमोरच्या भिंतींवर आहेत. तिथे मध्ये उभे राहून आधी एकीकडे आणि मग मागे वळून दुसरीकडे पाहावे, आणि आपल्या जागी वेदी होती हे लक्षात ठेवावे.

मरियेच्या पायांखाली लॅटिनमध्ये एक प्रार्थना लिहिलेली आहे. तिचा आशय असा: देवाच्या पवित्र माते, सिएनाला शांती दे आणि दुच्चोला आयुष्य दे, कारण त्याने तुला असे रंगवले. अभंगाच्या शेवटच्या चरणात नाममुद्रा यावी तसे हे आहे, आणि दुच्चो आपल्या नामदेवांचा समकालीनच होता. तिच्या झग्याचा निळा रंग लाजवर्दाचा, म्हणजे अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणीतल्या दगडाचा आहे. अजिंठ्यातला निळाही त्याच दगडाचा. सिएनाच्या चर्चमधली कोरीव संगमरवरी फरशी वर्षातले मोजके आठवडेच उघडी ठेवतात, एरवी बरीचशी झाकलेली असते, म्हणून त्या तारखा तेवढ्या पाहून घ्याव्यात.

फ्लॉरेन्सबद्दल मी थोडा कठोर आहे. तिथे मध्ययुगापेक्षा त्यानंतरचा काळ जास्त आहे, आणि गर्दी त्याहून जास्त. सान्ता क्रोचे घ्यावे. त्याच्या सॅक्रिस्टीत, म्हणजे पूजेचे साहित्य ठेवण्याच्या खोलीत, चित्रकार चिमाबुएचा मोठा रंगवलेला क्रूस उंचावर टांगला आहे. ४ नोव्हेंबर १९६६ च्या पुरात तो पाण्यात बुडाला आणि निम्म्याहून जास्त रंग धुऊन गेला. दुरुस्ती करणाऱ्यांनी गेलेला चेहरा नव्याने रंगवला नाही, गेलेल्या जागा बारीक रेघांनी आणि शांत रंगांनी भरल्या. वेदीजवळच्या बार्दी चॅपेलमध्ये फ्रान्सिसच्या मृत्यूच्या चित्राचा काही भाग जणू कापून नेल्यासारखा दिसतो. चित्रे चुन्याखाली झाकलेली असताना तिथे भिंतीला लागून थडगे उभारले होते, त्याची ती आकृती आहे. दुसरे म्हणून सान्ता मारिया नोव्हेल्ला ठेवावे. यादीतली फ्लॉरेन्सची बाकीची नऊ नावे मी खोडली असती.

असिसीत वरच्या चर्चचे सांगितलेच. तिथे एका टोकाला चिमाबुएने काढलेले क्रुसावरच्या मृत्यूचे चित्र फोटोच्या निगेटिव्हसारखे दिसते, कारण त्याने वापरलेला शिशाचा पांढरा रंग काळा पडला आहे. म्हणजे जिथे काळे दिसते तिथे मुळात उजेड होता, हे धरून चित्र मनात उलटे करावे लागते. २६ सप्टेंबर १९९७ च्या भूकंपात या चर्चच्या छताचा काही भाग कोसळून चार जण दगावले. ढिगाऱ्यातले हजारो तुकडे निवडून छत पुन्हा जोडले गेले आणि नोव्हेंबर १९९९ मध्ये चर्च उघडले. जिथे नक्षी मध्येच फिकट होते तिथले तुकडे जुळले नाहीत असे समजावे. फ्रान्सिसची चित्रे नक्की जोत्तोची आहेत का, यावर दीडएकशे वर्षे भांडण चालू आहे. आपण त्यात पडू नये. आधी खालच्या अंधाऱ्या, ठेंगण्या चर्चमध्ये जावे, फ्रान्सिसच्या समाधीपाशी बसावे आणि मग वर उजेडात यावे. उलट क्रमाने गेल्यास दोन्हींचा परिणाम अर्धा होतो.

बायबलची काळजी आपण वाटते तितकी करू नये. आपल्याला गणपती उंदरावरून आणि विष्णू शंखचक्रावरून ओळखू येतो, तसेच इथे चालते. किल्ल्या म्हणजे पेत्र, तलवार म्हणजे पौल, लोखंडी जाळी म्हणजे लॉरेन्स, मोडके चाक म्हणजे अलेक्झांड्रियाची कॅथरिन, तबकातले डोळे म्हणजे लुसी. प्रभावळीत क्रूस असेल तर तो येशू. पंख असलेला माणूस, सिंह, बैल आणि गरुड हे चौघे शुभवर्तमानाचे चार लेखक. गुडघे टेकलेला देवदूत आणि पोथी मिटणारी मुलगी म्हणजे मरियेला मिळालेला निरोप. याखेरीज येशूचा जन्म, बाप्तिस्मा, शेवटचे भोजन, क्रूस, पुनरुत्थान आणि अंतिम न्याय एवढ्या कथा मराठी शुभवर्तमानातून किंवा कोणा ख्रिस्ती मित्राकडून ऐकून घ्याव्यात. वसईकडे ओळख असेल तर एका रविवारी इगर्जीत जाऊन यावे. मिस्सा कशी चालते हे एकदा पाहिलेल्याला वेदीभोवतीची चित्रे लवकर उलगडतात.

वाटाड्या घ्यावा का, हे माणसांवर अवलंबून आहे. आपल्यातले कोणी वाचून जाणार असेल तर राव्हेन्ना आणि असिसी येथे अर्ध्या दिवसासाठी स्थानिक वाटाड्या पुरे, पादोव्हात त्याला बोलायला वेळच नसतो. खिशात एक आणि दोन युरोची नाणी ठेवावीत, कारण कित्येक चर्चमध्ये नाणे टाकल्यावरच चित्रावरचा दिवा लागतो आणि मिनिटा-दोन मिनिटांत विझतो. पक्षी पाहण्यासाठी वापरतात ती आठ पट दाखवणारी दुर्बीण महागड्या कॅमेऱ्यापेक्षा उपयोगी पडते, आणि असिसीच्या बासिलिकेत, म्हणजे वरच्या आणि खालच्या चर्चमध्ये, फोटो काढायला मनाईच आहे. लहान चर्च दुपारी बारा-साडेबाराला बंद होऊन तीन-साडेतीनला उघडतात. खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत, साडी किंवा ओढणी असेल तर काही प्रश्न नाही. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळे एक तास मागे जातात, त्यानंतर पाच-सव्वापाचला अंधार पडतो. नैसर्गिक उजेडातली चर्च त्या दिवसांत सकाळी घ्यावीत.

तर माझ्या हिशेबाने यादी अशी होते: पादोव्हाला दोन रात्री आणि एक चॅपेल, राव्हेन्नाला दोन रात्री आणि तीन वास्तू, फ्लॉरेन्सला दोन रात्री आणि दोन चर्च, सिएनाला एक रात्र, असिसीला दोन. तिकिटांत आधी स्क्रोवेन्यीची तारीख मिळवावी आणि बाकी सगळे तिच्याभोवती बसवावे. आईंचे गुडघे साथ देत नसतील तर सिएना गाळून तो दिवस असिसीत घालवावा. दोन्ही गावे चढउताराची आहेत, पण असिसीत स्टेशनपासून वर बस जाते आणि बासिलिकेत बसायला भरपूर बाक आहेत.

आईंना मिस्सेला बसता येईल का, असेही आपण विचारले आहे. नक्की बसता येईल. मागच्या बाकांवर बसावे, सगळे उभे राहिले की उभे राहावे, फोन बाहेर काढू नये. वेदीपाशी रांग लागते तेव्हा मात्र जागेवरच थांबायला त्यांना आधी सांगून ठेवावे. माझ्या गटातल्या एक आजी प्रसाद समजून त्या रांगेत गेल्या होत्या आणि दोन्ही हात पुढे केले होते. धर्मगुरूंनी क्षणभर पाहिले, भाकरी न देता त्यांच्या डोक्यावर हात ठेवला आणि पुढच्या माणसाकडे वळले. आजी खूश होत्या. आशीर्वाद मिळाला, म्हणाल्या, प्रसाद संपला असेल.